काट्यावरचा प्रोग्राम पडला तर माग राहिला पाहिजे

कापसाच्या हंगामात जिनिंगच्या धर्मकाट्यावर ट्रॅक्टरांची रांग लागलेली असते. अशात काट्याचा प्रोग्राम पडला तर ऑपरेटर काय करणार? स्क्रीनवर जे आलं असेल ते न वाचता बंद करतो, कॉम्प्युटर बटणावरूनच बंद-चालू करतो आणि पुढची गाडी काट्यावर घेतो. त्याचं चुकतं कुठे? मागे कास्तकार खोळंबलेत, हमाल बसून आहेत. संध्याकाळी प्रोग्राम सांभाळणाऱ्याला फोन येतो, "दादा, आज दोनदा बंद पडलं. काऊन पडून राहिलं, काही समजत नाही." पुरावा म्हणून एवढंच हाती लागतं.

हिंगणघाट, वणी, पुलगाव या पट्ट्यात असा मुक्त-स्रोत प्रोग्राम चालवणाऱ्यांसाठी, किंवा तो दुरून सांभाळणाऱ्यांसाठी हा लेख आहे. उदाहरण एकच घेतो: सी भाषेतला, लिनक्सवर चालणारा एक प्रोग्राम. तो काट्याच्या इंडिकेटरकडून (वजन दाखवणाऱ्या डब्याकडून) सिरियल पोर्टवर वजन वाचतो, एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये नोंद करतो आणि काटापट्टी छापतो. मशीन रास्पबेरी पाय (तळहाताएवढा कॉम्प्युटर) असेल नाहीतर जुना डेस्कटॉप. दूध संकलनाचा किंवा पर्जन्यमापकाचा प्रोग्राम असला तरी पुढचं सगळं तसंच लागू पडतं.

इथली परिस्थिती ध्यानात घ्या. लाईन कधीही जाते. मोबाइलचा डेटा कधी असतो, कधी नसतो. डीबगर (प्रोग्राममधली चूक शोधायचं साधन) चालवू शकेल असा माणूस तालुक्याच्या गावीही मिळेलच असं नाही. मशीनमध्ये एसडी कार्ड असेल तर सतत लिहून लिहून ते बाद होतं. त्यामुळे माग ठेवण्याचं काम प्रोग्रामनेच करायचं, आणि तेही पहिल्या दिवसापासून. पडल्यावर "आता लॉगिंग चालू करून बघा" म्हणायचं म्हणजे पुढच्या क्रॅशची वाट पाहत बसायचं. माग कायम चालू राहायचा असेल तर तो इतका स्वस्त हवा की बंद करायचं कुणाच्या मनातही येऊ नये. खालचे बहुतेक निर्णय याच एका अटीवरून घेतले आहेत.

(आज्ञा, फंक्शन आणि फायलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टर्मिनलवर ती मूळ स्पेलिंगनेच द्यायची.)

आधी ठरवा: लाईन गेली की प्रोग्राम पडला?

"बंद पडलं" या तक्रारींमध्ये बऱ्याच वेळा प्रोग्रामचा दोषच नसतो. डीपीवर फ्यूज उडतो, इन्व्हर्टर दगा देतो, कुणी प्लग काढून मोबाइल चार्जिंगला लावतो. हा गाळ आधी बाजूला काढला नाही तर नसलेल्या बगच्या मागे आठवडा जातो.

उपाय अगदी स्वस्त आहे. लिनक्स प्रत्येक वेळी सुरू होताना एक नवा यादृच्छिक क्रमांक तयार करतो आणि तो /प्रॉक/सिस/कर्नल/रँडम/बूट_आयडी इथे वाचायला मिळतो. प्रोग्राम सुरू होताना हा क्रमांक एका छोट्या फाइलमध्ये लिहा, सोबत "चालू" अशी खूण ठेवा आणि एफसिंक करा, म्हणजे लिहिलेलं लगेच डिस्कवर पक्कं होतं. नीट बंद होताना खूण "बंद" करा. पुढच्या वेळी सुरू होताना ती फाइल वाचा. खूण "चालू"च असेल आणि बूट आयडी बदललेला असेल, तर अख्खं मशीन गेलं होतं. बूट आयडी तोच असेल, तर मशीन जिवंत होतं आणि प्रोग्राम एकटा पडला. एफसिंक दिवसातून मोजक्या वेळा होईल, कार्डाला त्याचा त्रास नाही.

रास्पबेरी पाय असेल तर आणखी एक गोष्ट नोंदवा: व्हीसीजेनसीएमडी गेट_थ्रॉटल्ड या आज्ञेचं उत्तर. व्होल्टेज ४.६३ व्होल्टच्या आसपासच्या पातळीखाली गेलं होतं का, आणि तापल्यामुळे प्रोसेसर मंदावला होता का, हे त्यातल्या बिटांवरून कळतं. पाय ८० अंशांपासून वेग कमी करायला लागतो. एप्रिलमध्ये टिनाच्या शेडखाली, बंद डब्यात ठेवलेल्या पायला तिथवर पोचायला फार वेळ लागत नाही.

बिल्डमध्ये काय बदलायचं

पुष्कळ प्रकल्पांत रिलीजचं बिल्ड (वाटायची तयार बायनरी) "-ओ२" या वेग वाढवणाऱ्या पर्यायाने करतात आणि डीबगची माहिती (कोणता पत्ता कोडच्या कोणत्या ओळीचा, ही नोंद) टाकून देतात, कारण "-जी" दिलं की प्रोग्राम हळू होतो असा समज आहे. तसं होत नाही. "-जी"मुळे ड्वार्फ प्रकारची माहिती फाइलच्या वेगळ्या विभागांत जाते. फाइल फुगते, पण चालताना ते विभाग मेमरीत घेतलेच जात नाहीत. "-ओ२ -जी" एकत्र द्या.

मग ऑब्जकॉपीला "--ओन्ली-कीप-डीबग" देऊन डीबग माहितीची वेगळी फाइल काढा, आणि गावातल्या मशीनवर स्ट्रिप केलेली, म्हणजे ती माहिती काढून टाकलेली छोटी बायनरी पाठवा. डीबग फाइल रिलीजसोबत प्रकल्पाकडे कायम जपून ठेवायची. दोघींची गाठ बिल्ड आयडीने पडते. लिंकरला "--बिल्ड-आयडी" दिलं की बायनरीत एक ठसा बसतो, आणि तो स्ट्रिप केल्यावरही टिकतो. आवृत्तीचा क्रमांक यासाठी पुरत नाही. एकाच आवृत्तीची तीन जणांनी तीन मशीनवर केलेली बिल्डं फिरत असतात, आणि चुकीच्या डीबग फाइलने पत्ता सोडवला तर चुकीची ओळ मिळते, तीही अगदी ठामपणे.

तिसरा पर्याय "-एफनो-ऑमिट-फ्रेम-पॉइंटर". यामुळे कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावलं ही साखळी क्रॅशच्या क्षणी सोप्या पद्धतीने चालता येते. थोडा वेग जातो, म्हणून वर्षानुवर्षं तो बंद ठेवायची पद्धत होती. फेडोरा ३८ने २०२३मध्ये आणि उबुंटू २४.०४ने २०२४मध्ये तो आपल्या पॅकेजांसाठी मुद्दाम चालू केला. काट्याच्या प्रोग्रामला फरक जाणवणारही नाही. ३२-बिट एआरएमवर मात्र फ्रेम पॉइंटरचा भरवसा धरू नका. जमत असेल तर ६४-बिट ऑपरेटिंग सिस्टिम टाका, निम्मी डोकेदुखी तिथेच मिटते.

घटनांची रिंग

क्रॅशचा स्टॅक ट्रेस, म्हणजे फंक्शनांची तीच साखळी, प्रोग्राम कुठे पडला हे सांगतो. तिथवर तो कसा आला, हे त्यात नसतं. त्यासाठी पडण्याआधीच्या शेवटच्या काही घटना हव्यात.

साधं लॉगिंग इथे दोन ठिकाणी महाग पडतं. प्रत्येक ओळीला मजकूर तयार करावा लागतो, आणि मग तो डिस्कवर जातो. एफसिंक करत गेलात तर एसडी कार्डावर एकेका ओळीला मिलिसेकंद जातात. नाही केलं तर शेवटच्या, म्हणजे सगळ्यात कामाच्या ओळी बफरमध्येच मरतात. म्हणून मजकूर लिहायचाच नाही. मेमरीत ठरावीक मापाची जागा घ्यायची आणि तीत फक्त आकडे लिहायचे. रहाटाच्या पोहऱ्यांसारखी ती फिरत राहते: भरून झाली की सगळ्यात जुन्या नोंदीवर नवी नोंद.

माझ्या पसंतीची नोंद ३२ बाइटची आहे. ८ बाइट वेळ, ४ बाइट अनुक्रमांक, २ बाइट थ्रेडचा (प्रोग्राममध्ये एकाच वेळी चालणाऱ्या कामांपैकी एकाचा) क्रमांक, २ बाइट घटनेचा प्रकार, आणि ८-८ बाइटचे दोन आकडे. अशा ४०९६ नोंदी म्हणजे बरोबर १२८ केबी. थ्रेडचा क्रमांक कर्नलचा (लिनक्सच्या गाभ्याचा) घेऊ नका. ६४-बिट लिनक्सवर तो दोन बाइटांत मावेलच असं नाही. प्रत्येक थ्रेडला सुरू होताना आपलाच १, २, ३ असा क्रमांक द्या.

वेळ क्लॉक_गेटटाइमने, क्लॉक_मोनोटॉनिकवरून घ्या. हे महत्त्वाचं आहे. पाय ४ आणि त्याआधीच्या मॉडेलांत बॅटरीवरचं घड्याळ नसतं. नेट आलं की तारीख अचानक पुढे उडी मारते, आणि भिंतीवरच्या घड्याळाच्या वेळा वापरल्या तर घटनांचा क्रमच उलटासुलटा दिसतो. मोनोटॉनिक घड्याळ मागे जात नाही. शिवाय ६४-बिट लिनक्सवर ही वेळ सहसा व्हीडीएसओमधून मिळते, कर्नलमध्ये जावं लागत नाही, त्यामुळे काम काही दहा नॅनोसेकंदांत होतं.

लिहिण्याचा क्रम असा: अणुक पद्धतीने, म्हणजे ॲटॉमिक फेच-ॲडने, पुढचा अनुक्रमांक घ्या. त्यावरून रिंगमधली जागा काढा. तिथला जुना अनुक्रमांक आधी शून्य करा, बाकीची माहिती भरा, आणि नवा अनुक्रमांक सगळ्यात शेवटी, रिलीज क्रमाने लिहा. लिहिता लिहिताच प्रोग्राम मेला तर ती नोंद अर्धवट राहील, पण अनुक्रमांक जुळत नसल्याने वाचणारा तिला टाळू शकतो. कुठेही लॉक नाही, मॅलॉक (नवी मेमरी मागणं) नाही. एका नोंदीला १०० नॅनोसेकंद धरले आणि सेकंदाला १० नोंदी झाल्या, तर सेकंदातला एक मायक्रोसेकंद खर्च झाला, म्हणजे दहा लाखातला एक भाग.

आता खरी अक्कल लागते ती काय नोंदवायचं यात. इंडिकेटर सेकंदाला १० वेळा वजन पाठवत असेल आणि प्रत्येक वाचनाची नोंद केलीत, तर ४०९६ नोंदी सात मिनिटांच्या आत उलटून जातात. अर्ध्या तासापूर्वी पोर्ट तुटून पुन्हा जोडला गेला होता, ही लाखमोलाची नोंद त्यात वाहून जाईल. म्हणून दोन रिंगा करा. एकीत गजबजाट: चौकट (इंडिकेटरने पाठवलेला एक संदेश) आली, किती बाइट आले. दुसरीत क्वचित घडणाऱ्या गोष्टी: पोर्ट उघडला, तुटला, गाडी चढली, वजन स्थिर झालं, पट्टी छापली, डेटाबेस अडला, प्रिंटरने उत्तर दिलं नाही. दुसरी रिंग कधीकधी अख्खा दिवस सांभाळते. एरवीच्या वाचनाची नोंद न करता फक्त स्थिती बदलली तरच करायची, हा आणखी चांगला मार्ग.

रिंग कुठे ठेवायची? प्रोग्रामच्या खासगी मेमरीत ठेवली तर प्रोग्रामबरोबर तीही जाते. /रन खाली एक फाइल करा आणि ती एममॅपने, मॅप_शेअर्ड देऊन, मेमरीला जोडा. /रन ही टीएमपीएफएस आहे, म्हणजे रॅममध्येच, कार्डाला स्पर्श नाही. प्रोग्राम कसाही मेला तरी फाइल राहते. कर्नलने मेमरी संपली म्हणून सिग्नल ९ ने मारला, जिथे तुमचं एकही ओळ कोड चालत नाही, तिथेही शेवटच्या घटना शाबूत असतात. पुष्कळ जण /डेव्ह/एसएचएम वापरतात. तिथे एक खाच आहे: लॉगइन करणाऱ्या साध्या युजरखाली प्रोग्राम चालत असेल, तर तो युजर लॉगआउट झाल्यावर सिस्टिमडीच्या (लिनक्सवर सेवा सुरू-बंद करणाऱ्या व्यवस्थेच्या) रिमूव्हआयपीसी या सेटिंगमुळे तिथल्या फायली साफ होऊ शकतात. लाईन गेली तर मात्र रिंगही जाते. त्याची फिकीर नको, तिथे प्रोग्रामचा दोष नाहीच, आणि ते बूट आयडीने आधीच सांगितलेलं आहे.

ही कल्पना जुनी आहे. सन कंपनीच्या सोलारिस १०मध्ये २००५ साली आलेल्या डीट्रेसने प्रत्यक्ष वापरातल्या प्रोग्रामवर ट्रेसिंग (घटनांचा माग काढणं) करता येतं हे दाखवलं. लिनक्सच्या कर्नलमध्ये २००८ साली २.६.२७ या आवृत्तीत एफट्रेस आला. एलटीटीएनजी या ट्रेसिंगच्या साधनात तर हाच रिंगचा प्रकार स्नॅपशॉट या नावाने तयार मिळतो. तुमचा प्रोग्राम मोठा असेल, पुष्कळ थ्रेड असतील, तर घरची रिंग विणत बसू नका, एलटीटीएनजीच घ्या. काट्याच्या प्रोग्रामला दोनशे ओळींची एक फाइल पुरते, आणि गावातल्या मशीनवर एक पॅकेज कमी बसवावं लागतं.

जाता जाता: सिस/एसडीटी.एच मधल्या मॅक्रोने यूएसडीटीचे बिंदूही, म्हणजे बाहेरून जोडून पाहायच्या जागा, पेरून ठेवा. कुणी जोडलेलं नसेल तेव्हा त्या प्रत्येकाची किंमत एक नॉप (काहीच न करणारी) सूचना. कधी नेट धड असलं आणि एसएसएचने आत जाता आलं, तर बीपीएफट्रेसने चालू प्रोग्राम न थांबवता पाहता येतो.

सिग्नल हँडलर: कमीत कमी बोलणारा

प्रोग्राम पडताना कर्नल त्याला सिग्नल पाठवतो, आणि तो आला की चालणारं तुमचं फंक्शन म्हणजे सिग्नल हँडलर. इथे उत्साह आवरायचा. क्रॅशच्या क्षणी प्रोग्रामची मेमरी कोणत्या अवस्थेत आहे हे कुणालाच ठाऊक नसतं. समजा, प्रोग्राम मॅलॉकच्या आतच पडला. मॅलॉकचं लॉक धरलेलं आहे. तुमच्या हँडलरने प्रिंटएफ बोलावलं, त्याने मॅलॉक मागितलं, तर ते लॉक कधीच सुटणार नाही. आता प्रोग्राम मरतही नाही आणि चालतही नाही. साध्या क्रॅशपेक्षा हे वाईट, कारण आपोआप रिस्टार्टही होत नाही आणि काट्यावर गाडी अडकून बसते.

म्हणून सिग्नल-सेफ्टीच्या मॅन पानात दिलेली फंक्शनंच वापरायची. राइट चालतं, _एक्झिट चालतं. आकड्याचा मजकूर करायचा तर त्याचं छोटं फंक्शन स्वतः लिहा. फाइल सुरुवातीलाच उघडून ठेवा.

स्टॅक (फंक्शनांची कामाची मेमरी) उतू गेल्याने प्रोग्राम पडला असेल तर हँडलरला उभं राहायलाही जागा नसते. त्यासाठी सिगऑल्टस्टॅकने ६४ केबीचा वेगळा स्टॅक द्या आणि हँडलर बसवताना एसए_ऑनस्टॅक लावा. हा पर्यायी स्टॅक प्रत्येक थ्रेडला वेगळा द्यावा लागतो, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

सिगसेगव्ही, सिगबस, सिगॲबर्ट, सिगएफपीई आणि सिगइल या पाचांना हँडलर लावा. आत लिहायचा क्रम असा ठेवा की अर्ध्यावर मेलं तरी जे लिहून झालं ते उपयोगी पडेल. पहिल्यांदा बिल्ड आयडी आणि सिग्नलचा क्रमांक. मग ज्या पत्त्यावर चूक झाली तो पत्ता. मग पीसी (चालू सूचनेचा पत्ता), आणि एआरएमवर एलआर (परतीचा पत्ता) हे रजिस्टरही. त्यानंतर फ्रेम पॉइंटरची साखळी. ती चालताना प्रत्येक पॉइंटर त्या थ्रेडच्या स्टॅकच्या हद्दीत आहे का आणि वर वर सरकतो आहे का, हे तपासा. नाव सोडवायचा मोह टाळा, नुसते पत्ते लिहा. शेवटी मूळ हँडलर परत लावून तोच सिग्नल पुन्हा उठवा, म्हणजे कोअर डंप (त्या क्षणाच्या मेमरीची प्रत) पडायचा तो पडेल.

हल्ली बायनरी प्रत्येक वेळी मेमरीत वेगळ्या ठिकाणी बसते. नुसता पत्ता निरुपयोगी. सुरू होतानाच /प्रॉक/सेल्फ/मॅप्स वाचून बायनरी आणि लायब्ररींचे मूळ पत्ते रिंगच्या माथ्यावर लिहून ठेवा.

तुमचा प्रकल्प लायब्ररी असेल तर हँडलर लावूच नका. तो अधिकार मुख्य प्रोग्रामचा. पायथॉन, गो किंवा जावाचं रनटाइम त्याच प्रोसेसमध्ये असेल तरी जपून, कारण त्यांचे स्वतःचे हँडलर असतात. या भाषांत तयार सोयीही आहेत: पायथॉनमध्ये ३.३ पासून फॉल्टहँडलर, जावामध्ये जेडीके ११ पासून मुक्त झालेला फ्लाइट रेकॉर्डर, रस्टमध्ये पॅनिक हूक, गोमध्ये गोट्रेसबॅक.

सिस्टिमडीकडून करून घ्यायचं काम

डेबियन आणि रास्पबेरी पाय ओएसवर सिस्टिमडी-कोअरडंप हे पॅकेज सहसा वेगळं बसवावं लागतं. बसवलं की कोअर डंप आकार कमी करून (कॉम्प्रेस करून) ठेवले जातात, आणि कोअरडंपसीटीएल इन्फो दिलं की स्टॅक ट्रेस मजकुरात मिळतो. अख्खा डंप गावाच्या नेटवरून पाठवायची गोष्ट नाही, तो मजकूर मात्र व्हॉट्सॲपवर सहज जातो. एसडी कार्ड भरू नये म्हणून कोअरडंप.कॉन्फमध्ये मॅक्सयूज ठरवून द्या.

सर्व्हिस फाइलमध्ये रिस्टार्ट=ऑन-फेल्युअर आणि रिस्टार्टसेक=३ ठेवा. तीन सेकंदांचं अंतर नसेल तर ओळीने पडणारा प्रोग्राम १० सेकंदांत ५ वेळा सुरू होऊन मर्यादेत अडकतो आणि सिस्टिमडी नाद सोडून देतो. रनटाइमडिरेक्टरीप्रिझर्व्ह=येस द्या, नाहीतर सर्व्हिस थांबताच /रन मधली तुमची रिंग पुसली जाईल.

एक्झेकस्टॉपपोस्टमध्ये छोटी स्क्रिप्ट लावा. प्रोग्राम कसाही मेला तरी ती चालते, आणि तिला सर्व्हिस_रिझल्ट या नावाने कारण मिळतं: कोअर-डंप, सिग्नल, वॉचडॉग, ऊम-किल (मेमरी संपल्याने मारला). कारण यशस्वी नसेल तर रिंगची प्रत डिस्कवर घ्या, शेवटच्या दहा प्रती ठेवा, बाकीच्या उडवा. कोअरडंपसीटीएलचा मजकूर इथेच काढायला जाऊ नका. डंपचं काम मागे चालू असू शकतं आणि त्याची वाट पाहण्यात रिस्टार्ट अडतो. ते एका वेगळ्या टायमरवर टाका.

प्रोग्राम पडत नाही, नुसता गोठतो, अशीही तक्रार येते. वॉचडॉगसेक=२० लावा आणि मुख्य लूपमधून सिस्टिमडीला खूण देत राहा. खूण थांबली की सिस्टिमडी सिगॲबर्ट पाठवतो, आणि गोठलेल्या अवस्थेचाच स्टॅक ट्रेस मिळतो. ही खूण वेगळ्या थ्रेडमधून देऊ नका. मुख्य काम अडलेलं असलं तरी तो थ्रेड "सगळं ठीक" सांगत राहील.

रिपोर्ट कसा वाचायचा

समजा, असा रिपोर्ट आला:

बिल्ड ३सी९१एफ०७ए, सिग्नल ११
पीसी: लिबसी +६२४१२८
एलआर: काटा +१९४८८
साखळी: काटा +२१०६४, काटा +८८९६
−२१४० गाडी_चढली ३१७
−१९८० पोर्ट_तुटला ५
−६२० पोर्ट_उघडला ०
−१२ चौकट_सुरू ३
−१ चौकट_लांबी −१

डावीकडचे आकडे म्हणजे पडण्याआधीचे मिलिसेकंद.

पीसी लिबसीमध्ये (सी भाषेच्या मूळ लायब्ररीत) आहे म्हणून लिबसीला दोष देऊ नका. तिथे बहुधा मेमकॉपी आहे. मेमकॉपी हे बाइट एका जागेवरून दुसरीकडे उतरवणारं, असेंब्लीत लिहिलेलं छोटं फंक्शन, ते स्वतःची फ्रेम मांडत नाही. त्यामुळे साखळीत त्याला बोलावणारं फंक्शन गाळलं जातं आणि थेट त्याच्या वरचं दिसतं. एलआर लिहून ठेवायला सांगितलं ते यासाठीच: गाळलेला दुवा तिथे सापडतो. ॲडर२लाइन या पत्त्यावरून ओळ सांगणाऱ्या आज्ञेला डीबग फाइल आणि "-एफ -सी -आय" देऊन १९४८७ सोडवा. एक कमी का? परतीचा पत्ता बोलावल्यानंतरच्या सूचनेवर असतो, आणि ती कधीकधी पुढच्या ओळीची असते. उत्तर येतं: चौकट सोडवणाऱ्या फंक्शनमधली मेमकॉपीची ओळ.

नुसता स्टॅक ट्रेस असता तर इथे एक जास्तीची तपासणी टाकून मोकळे झालो असतो. रिंग मागची गोष्ट सांगते. गाडी चढली. पोर्ट चूक क्रमांक ५ देऊन तुटला, म्हणजे यूएसबी-सिरियल कन्व्हर्टर गायब झाला. सव्वा सेकंदाच्या थोड्या वर तो परत आला. नंतरची पहिली चौकट फक्त ३ बाइटची. तीत शेवटाची खूण सापडली नाही, लांबी −१ झाली, आणि मेमकॉपीला ती बिनचिन्ही आकडा म्हणून पोचल्यावर तिने अवाढव्य मेमरी उचलायला घेतली. जिनिंगची मोटार सुरू होताना व्होल्टेज बसतं, कन्व्हर्टर रिसेट होतो. अशा वेळांशी रिपोर्टच्या वेळा जुळवून पाहिल्या की खात्री पटते.

दुरुस्ती मग तीन जागी होते. अपुरी चौकट टाकून द्यायची. पोर्टचं नाव /डेव्ह/सिरियल/बाय-आयडी मधलं वापरायचं, कारण परत आलेला कन्व्हर्टर दुसऱ्याच क्रमांकाने येऊ शकतो. आणि कन्व्हर्टर यूपीएसवरच्या हबला लावायचा, जे कोणत्याही पॅचने (कोडमधल्या बदलाने) साधत नाही.

रिपोर्ट ऑपरेटरकडून तुमच्यापर्यंत कसा यायचा? प्रोग्राम पुन्हा सुरू झाल्यावर हाच नऊ ओळींचा मजकूर काट्याच्या प्रिंटरवर छापा. ऑपरेटर त्याचा मोबाइलवर फोटो काढतो आणि रेंज आली की पाठवतो. फाइल शोधा, जोडा, पाठवा यापेक्षा हे चालतं. छपाई हँडलरमधून मात्र कधीच नको.

माणसांची माहिती

कोअर डंप म्हणजे त्या क्षणाची अख्खी मेमरी. तीत कास्तकाराचं नाव, खाते क्रमांक, आधार, सगळं असू शकतं. तो डंप सार्वजनिक बग-ट्रॅकरवर चढवणं म्हणजे काट्याच्या खोलीतली वही चौकात टांगणं, आणि डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ झाल्यापासून हा नुसता शिष्टाचाराचा प्रश्नही राहिलेला नाही. डंप मशीनवरच राहू द्या. अशी माहिती ठेवणारी मेमरी वेगळ्या पानांवर घ्या आणि तिला एमॲडव्हाइजने एमएडीव्ही_डोंटडंप लावा, कर्नल ती डंपमध्ये घेणार नाही. रिंगमध्ये मजकूर नाहीच, पण गाडीचा एमएच ३२ चा क्रमांकही आकड्यांत घालू नका. वरच्या उदाहरणातला ३१७ हा त्या दिवसाचा पट्टीचा अनुक्रमांक आहे.

वजनाचा आकडाही मी रिंगमध्ये घालत नाही. एकदा तिथे वजनं दिसली की कुणीतरी पट्टीच्या वादात ती पुरावा म्हणून काढणार, आणि डीबगिंगसाठी केलेली वस्तू त्या कामाची नाही.

खर्च मोजा, आणि मुद्दाम पाडून पाहा

पोर्टवरचं खरं सत्र एकदा नोंदवून घ्या आणि सोकॅटने खोट्या पोर्टवरून तेच पुन्हा पुन्हा वाजवा. रिंग चालू आणि बंद अशा दोन्ही बिल्डांवर पर्फ स्टॅट (खर्च मोजायची आज्ञा) लावून तुलना करा, आणि सरासरीऐवजी मधला आकडा धरा. मोजायचं सगळ्यात मंद मशीनवर, दोन्ही मापं एकाच तापमानात. सकाळी एक आणि दुपारी दुसरं घेतलं तर रिंगचा खर्च न मोजता उन्हाचाच मोजाल.

मग पाडा. शून्य पत्त्यावर लिहा, अंतहीन रिकर्शन करा, ॲबर्ट बोलवा, बाहेरून किल -९ द्या, यूएसबी उपटा, शेवटी प्लग काढा. प्रत्येक वेळी रिपोर्टने कारण बरोबर ओळखलं पाहिजे. पहिल्या तीन चाचण्या सीआयमध्ये (प्रत्येक बदलानंतर आपोआप चालणाऱ्या तपासणीत) कायमच्या घाला, आणि सोडवलेल्या ट्रेसमध्ये पाडणाऱ्या फंक्शनचं नाव दिसतं का हेही तिथेच तपासा. एरवी कुणीतरी पॅकेजिंगमध्ये एक पर्याय बदलतो, बिल्ड आयडी गळतो, आणि ते कळतं दसऱ्यानंतर, पहिल्या क्रॅशला.

मूळ प्रकल्पाला हे सगळं एका मोठ्या पॅचमध्ये पाठवू नका. मेन्टेनर (प्रकल्प सांभाळणारा) ते वाचणार नाही आणि त्यात त्याची चूक नाही. पहिला पॅच बिल्डच्या पर्यायांचा आणि डीबग फाइल जपण्याचा, त्याला सहसा कुणी नाही म्हणत नाही. दुसरा रिंगचा, सोबत मोजलेले आकडे आणि ते कोणत्या मशीनवर मोजले ते. सिग्नल हँडलर सगळ्यात शेवटी, कारण खरा वाद तिथेच होतो. कंपाइल करताना बंद करायची सोय ठेवा, पण मूळ स्थिती "चालू" असावी यासाठी अडून बसा. बंद स्थितीत दिलेली रिंग काट्याच्या खोलीत कुणीही चालू करणार नाही. मेन्टेनर तयार नसेल, तर निदान बिल्डचा पॅच घेऊ द्या आणि रिंग आपल्या शाखेत ठेवा. पुढच्या हंगामात तिच्यामुळे सापडलेला एखादा बग दुरुस्तीसकट पाठवला की तीच चर्चा पुन्हा उघडता येते.